गाडी काढावी

पागेकाका भेटले की "कशी आहेस?" असं विचारत नाहीत. "कधी निघतेस?" असं विचारतात.

आपण कुठेही निघालेलो नसतो. हातात कोथिंबिरीची जुडी असते, पायांत स्लिपर असतात, आपण जिना चढत असतो. तरी काका कठडा धरून थांबतात आणि विचारतात, "कधी निघतेस? कुठली गाडी?" कुठेच नाही म्हटलं तर त्यांचा चेहरा पडतो. पुण्याला म्हटलं तर उजळतो. मग ते वाक्य येतं, जे आमच्या बिल्डिंगमधली लहान मुलंसुद्धा त्यांच्या आवाजात म्हणून दाखवतात: "सोडतो ना मी!"

एकदा दुसऱ्या मजल्यावर नवी सून आली. हातांची मेंदी ताजी होती. काका आशीर्वाद द्यायला गेले, तिच्या हातावर पाकीट ठेवलं आणि प्रेमाने म्हणाले, "मग बाळ, परत कधी?" तिच्या सासूने पुढचे दोन महिने काकांना जिन्यात वाट दिली नाही.

हे मी हसत हसत सांगायला घेतलं आहे खरं, पण पुढे यातून माझीच लाज निघणार आहे. मी उठसूट लाजणाऱ्यांपैकी नाही. इथे इंदूरला, पलासिया भागात एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात काम करते. मुलाने वर्ग बुडवला की त्याच्या बापाला फोन करायचा, नोटिसा लिहायच्या, त्या भिंतीवर चिकटवायच्या, हे माझं काम. लाजून भागत नाही. पण या एका गोष्टीने मला ओशाळं केलं आहे, आणि ते ओशाळेपण काही केल्या जात नाही.

काकांना लोकांना सोडायला आवडतं, कारण त्यांच्याकडे स्टेशन वॅगन आहे. आणि स्टेशन वॅगन म्हणजे स्टेशनवर नेणारी वॅगन, अशी त्यांची ठाम समजूत. "नावातच काम लिहिलंय," ते म्हणतात. "मग बाकीच्या भानगडीत कशाला पडायचं?" एका वर्षी सगळ्या बिल्डिंगने मांडूला सहलीला जायचं ठरवलं. काकांच्या गाडीत तीन रांगा, म्हणजे दाटीवाटीने चौदा माणसं मावतात. लोक विचारायला गेले. काकांनी शांतपणे उलट विचारलं, "मांडूला स्टेशन आहे का?" विषय संपला.

गाडी अमेरिकन. नाव बर्म्युडा. तिकडे ती म्हणे एकच वर्ष निघाली, लोकांना आवडली नाही, कंपनीने बंद केली. समोरून बघितलं तर दाताच्या डॉक्टरपुढे 'आ' करून बसलेल्या माणसासारखी दिसते. दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या आहेत, पण त्या लाकडाच्या नाहीत, लाकडाचं चित्र आहे. लांबी अशी, की ती आवारात वळवायची तर पहिल्या मजल्यावरून कुणीतरी "बस, बस, अजून, बस" असं ओरडावं लागतं. स्टिअरिंग डाव्या हाताला. गिअरची बटणं स्टिअरिंगच्या मधोमध, जिथे आपल्याकडे हॉर्न असतो. इंदूरच्या माणसाचा हात हॉर्नवर जाणारच. त्यामुळे काकांखेरीज जो कोणी ती चालवायला बसला, त्याने पहिल्याच चौकात गाईला हॉर्न द्यायला म्हणून बटण दाबलं आणि गाडी भलत्याच गिअरमध्ये टाकली.

पण तिचा खरा विक्षिप्तपणा मागच्या दिव्यांत आहे. ते बाणाच्या आकाराचे आहेत, आणि उलटे आहेत. डावीकडे वळायचं असलं की डावा दिवा लुकलुकतो, पण त्याचा बाण उजवीकडे दाखवतो. एकदा चौकात वाहतूक पोलिसाने काकांना अडवलं. काका त्याला समजावू लागले, "देखो भिया, बत्ती कौनसी जली वो देखो. कैसी दिखती है वो मत देखो." पोलिसाने गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाला, "बाबूजी, इस शहर में इंडिकेटर देता कौन है? आप भी मत दिया करो." काकांना ते पटलं नाही. त्यांनी रंगाऱ्याकडून मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'तीर उल्टा है, गाड़ी सीधी है।'

ही गाडी काकांकडे आली तीही त्यांच्या स्वभावाला साजेशी. ते मिलमध्ये गॅरेजचे कारकून होते. साहेबलोकांची वॅगन किती वाजता गेली, कुणाला घेऊन गेली, किती वाजता परत आली, याची नोंद त्यांनी तीस वर्षं केली. आत एकदाही बसले नाहीत. मिल बंद पडली, सामानाचा लिलाव झाला. लोकांनी पंखे घेतले, लोखंडी कपाटं घेतली, पागेकाकांनी वॅगन घेतली. त्यांचे पूर्वज होळकरांच्या पागेत घोडे सांभाळायचे. त्यामुळे घराण्याचं काम आपण पुढे चालवतोय, असं ते म्हणतात. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणतात, "गाडी चुकली."

आणि एक गोष्ट सांगायला हवी. काकांना आमच्या इंदुरी मराठीचा फार त्रास होतो. मी "भाजी बनवली" म्हटलं की ते "केली" म्हणतात. "फोन लावते" म्हटलं की "करते" म्हणतात. "मालूम नाही" ऐकलं तर जागीच थांबतात आणि "ठाऊक नाही" असं आपल्याकडून म्हणवून घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. घरात एक जाडजूड कोश आहे, तो ते वर्तमानपत्रासारखा वाचतात. दुसऱ्याच क्षणी खाली वॉचमनशी "क्या भिया, पानी आया क्या?" चालू होतं, पण ते निराळं. हिंदी हिंदीच्या जागी, मराठी मराठीच्या. मिसळ फक्त खायची, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या बिल्डिंगमधली एक पिढी त्या गाडीतून बाहेर पडली. कोण पुण्याला शिकायला, कोण बंगळुरूला नोकरीला. प्रत्येकाला काकांनी सोडलं. दोन तास आधी. माझ्या अमेयलाही. तो गाडीत पूर्ण रस्ता खाली वाकून बसला होता, मित्रांना दिसू नये म्हणून. मी आई, मी त्याला सरळ बस म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण मीही ओढणी कपाळापर्यंत घेतली होती. काका मात्र प्लॅटफॉर्मवर डबा दिसेनासा होईपर्यंत हात हलवत उभे राहिले.

नंतर मोबाइलवर टॅक्सी येऊ लागल्या. हळूहळू सगळेच गुपचूप टॅक्सी बोलवायला लागले. आम्हीही. बॅगा मागच्या दाराने न्यायच्या, म्हणजे काका बघणार नाहीत. तीन वर्षांत वॅगनला एकही फेरी मिळाली नाही. काका दर रविवारी तिला दहा मिनिटं सुरू करून बंद करायचे. दहा मिनिटं सगळ्यांच्या गॅलऱ्यांत धूर.

लोकांनी तक्रारी केल्या. आमचे अध्यक्ष दुबेजी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. शहर स्वच्छतेत पहिलं येतं तर आपल्या आवारातही भंगार दिसू नये, असं त्यांना मनापासून वाटतं. ते काकांकडे जाऊन म्हणाले, "काका, अब गाड़ी का कुछ करो." काका खूश झाले. म्हणाले, "करवा रहा हूँ. सीट कवर का नाप दे दिया."

दुबेजी माझ्याकडे आले. मी सचिव.

"भाभीजी, लिख के दो. और मराठी में दो. हिंदी में बोलो तो उल्टा मतलब निकाल लेते हैं."

इथे मला खरं सांगायला पाहिजे. त्याच महिन्यात आम्ही नवी गाडी घेतली होती. छोटीशी, पांढरी. आवारात जागा नव्हती म्हणून ती बाहेर रस्त्यावर उभी असायची. वॅगन गेली असती तर तिथे तीन गाड्यांची जागा झाली असती, आणि यादीत पहिलं नाव माझं होतं. दुबेजींनी हे बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

मी नोटीस लिहायला बसले. 'आवारातील जुनी वॅगन येत्या रविवारी सकाळी दहा वाजेपर्यंत हटवावी.' मग आठवलं, काका म्हणतील, 'हटवणं' म्हणजे तुमचं ते 'हटाना', मराठी माणसाने 'काढणं' म्हणावं. माझ्या नोटिशीवर कुणी लाल पेनाने खुणा कराव्यात हे मला आवडत नाही. 'हटवावी' खोडलं, वर 'काढावी' लिहिलं. खाली सही केली. हातात द्यायचं धैर्य नव्हतं, म्हणून दाराखालून सरकवली आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर आले. दुबेजींनी रविवारी साडेदहाला क्रेनवाला ठरवला.

रविवारी सव्वानऊला माझी बेल वाजली.

दारात पागेकाका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, करडी पँट, केसांना तेल. हातात थर्मास.

"झाली का तयारी? किती जण आहात?"

"कसली तयारी, काका?"

"अगं, तूच लिहिलंस ना?" त्यांनी खिशातून माझी नोटीस काढली. व्यवस्थित चार घड्या घातलेली. "'दहा वाजेपर्यंत काढावी.' मी पावणेनवालाच काढली. तापायला वेळ लागतो तिला. लोक तोंडी सांगतात आणि मग येत नाहीत. लेखी पहिल्यांदाच आलं. बोल, कुठली गाडी?"

मी गॅलरीत जाऊन खाली बघितलं. वॅगन आवाराच्या मधोमध उभी होती. धुतलेली, पुसलेली, लाकडाच्या चित्रालासुद्धा तेल लावलेलं. बिल्डिंगमधले सात-आठ जण आपापल्या गॅलऱ्यांत दात घासायचे थांबले होते. गेटपाशी दुबेजी डोक्याला हात लावून उभे होते.

आम्ही दोघं खाली उतरलो. दुबेजींनी मला बाजूला घेतलं.

"भाभीजी, आपने लिखा क्या था?"

"यही, कि गाडी काढावी."

"मतलब?"

"मतलब, गाड़ी निकालें."

"तो निकाल तो ली उन्होंने!"

"हटाने के अर्थ में, दुबेजी."

"तो 'हटाना' लिखतीं ना! इतनी अच्छी मराठी लिखने को किसने बोला था?"

तेवढ्यात काकांनी उजव्या बाजूचं दार उघडून धरलं. ते दार बंदही करावं लागतं, हे त्या गाडीच्या बाबतीत मुद्दाम सांगायला हवं, कारण त्याला दोन माणसं लागतात. "दुबेजी, आप भी चलोगे? कौन जा रहा है आज?"

दुबेजींनी माझ्याकडे बघितलं. सांगायचं मलाच होतं. कोणी जात नाहीये, काका, तुमची गाडी जातेय, साडेदहाला क्रेन येतेय. एवढंच वाक्य. मी रोज याहून वाईट वाक्यं फोनवर बोलते. तोंड उघडलं आणि म्हटलं, "माझी मावशी येतेय. पुण्याहून. तिला आणायचंय."

"आणायला?" काका म्हणाले. थर्मास त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. "किती वाजता?"

"अकराला."

"अकराला. पुण्याहून." त्यांनी घड्याळात बघितलं. "हं. बस, बस. पुढे बस."

दुबेजी म्हणाले, "चलो, गेट के बाहर तो जा रही है, यही बहुत है," आणि का कुणास ठाऊक, स्वतःही मागे चढून बसले. दोन मिनिटांनी मागून आवाज आला, "अरे, ये तो सोफा है."

स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे आपल्या रस्त्यावर चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही. उजवीकडच्या माणसाला वाकून बघून सांगावं लागतं. ते काम माझ्यावर आलं.

"काका, बस येतेय!"

"किती लांब?"

"जवळ!"

"जवळ म्हणजे किती? आकड्यात सांग."

"काका, ड्रायव्हरची मिशी दिसतेय!"

"मग थांबू."

स्टेशन आमच्याकडून दहा मिनिटांवर आहे. पण काका राजवाड्यावरून फेरा घालून कृष्णपुऱ्याच्या पुलावरून नेतात. पूल ओलांडला की इंजिनाचा घसा मोकळा होतो म्हणे. राजवाड्याला रविवारची गर्दी. एक दुचाकीवाला माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "आंटी, ये बस रुकेगी क्या?" दोन पोरी स्कूटरवरून फोटो काढत पुढे गेल्या. मी सवयीने ओढणी कपाळावर ओढली, आणि मग काकांकडे लक्ष गेलं. ते ताठ बसून रस्त्याकडे बघत होते. मी ओढणी ओढली ते त्यांना दिसलं असणार. त्यांनी मान वळवली नाही.

पुलावर आमची क्रेन आम्हाला समोरून भेटली. पिवळी, मागे साखळी लोंबणारी. आमच्याच बिल्डिंगकडे निघालेली. दुबेजी एकदम बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. पायांत चपला होत्या. मिनिटाभरात त्यांचा फोन वाजला.

"हाँ भिया," ते सीटच्या खालूनच बोलले. "नहीं, आज रहने दो... गाड़ी तो गई... कहाँ गई क्या, स्टेशन गई... अरे, खुद चल के गई!"

काका एवढंच म्हणाले, "सुलभा, समोर बघ. काम चालू आहे तुझं."

स्टेशनवर गाडीभोवती घोळका जमला. दुबेजी म्हणाले, मी इथेच थांबतो, कुणी हात लावील. आम्ही वळून बघितलं तेव्हा ते मागच्या काचेपाशी उभे राहून लोकांना समजावत होते, "नहीं नहीं, तीर को मत देखो. बत्ती कौनसी जली, वो देखो."

काकांनी दोन प्लॅटफॉर्म तिकिटं काढली. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी थर्मासच्या झाकणात मला चहा दिला, स्वतः घेतला नाही. अकरा वाजले. कुठलीही गाडी आली नाही. समोर रुळांवर एक कुत्रं झोपलं होतं.

"काका," मी म्हटलं, "मावशी नाहीये."

"ठाऊक आहे. अकराला पुण्याची कुठलीच गाडी येत नाही."

"मग आलात कशाला?"

"दुबे समोर उभा होता. त्याच्यासमोर तुला खोटं पाडू?"

चहा गरम होता. मी तो तसाच प्यायले.

"आणि ती नोटीस—"

"तीही ठाऊक आहे." ते रुळांकडेच बघत होते. "'काढणे'चे कोशात पुष्कळ अर्थ आहेत. मी त्यातला बरा होता तो घेतला."

त्यांनाच माझी दया आली असावी.

"खालचं खोडलेलं दिसत होतं मला. 'हटवावी' लिहिलं होतंस आधी. मग बदललंस. माझ्यासाठी नीट मराठी लिहिलंस. हल्ली कोण एवढं करतं?"

मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी कधीच विसरून गेले असते. मी म्हटलं, "काका, त्या जागेवर माझी गाडी लागणार होती." हे बोलायची गरज नव्हती. पण मला काहीतरी घाण बाहेर टाकायची होती, तीच एवढी हाताशी होती.

"लाव की," ते म्हणाले. "उन्हात रंग जातो नव्या गाडीचा. मला फक्त आठ दिवस दे. तिला कुणी नीट माणूस बघतो."

आम्ही बाहेर आलो. दुबेजींनी आमच्या मागे बघितलं. "मौसीजी?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "गाड़ी चुक गई उनकी. अगले इतवार आएँगी."

हिंदीत गाडी 'चुकत' नाही, 'छूटते'. हिंदी हिंदीच्या जागी ठेवणारा माणूस माझ्यासाठी मिसळ करून बसला होता.

"नाम क्या है मौसीजी का?" दुबेजींनी दार ओढत विचारलं.

मला माझ्या खऱ्या मावश्यांपैकी एकीचंही नाव आठवेना.

"कुसुमताई," काका म्हणाले, आणि बटण दाबलं.

दुबेजींनी थोडा वेळ विचार केला. "तो फिर अगले इतवार गाड़ी तो लगेगी," ते म्हणाले. "बुज़ुर्ग हैं. टैक्सी में कहाँ बैठ पाएँगी." आणि मागे टेकून बसले.

याला आता पाच महिने होतील. आठ दिवसांचं पुढे कुणी नाव काढलं नाही, काकांनीही नाही, मीही नाही. क्रेनवाल्याचा फोन आला की दुबेजी त्याला सांगतात, सेक्रेटरी मैडम के घर मेहमान आने वाले हैं. माझी पांढरी गाडी अजून रस्त्यावर आहे आणि तिचा रंग खरोखरच उडतो आहे. दर रविवारी सकाळी आम्ही स्टेशनवर जातो. दर रविवारी कुसुममावशींची गाडी चुकते. आवारात परत आलो की कुणीतरी विचारतंच, मग काका काहीतरी सांगतात, आणि त्या सांगण्यातून मावशींना हळूहळू आकार येत गेला. गुडघे धरतात, म्हणून रुंद दाराची गाडी लागते. सामान फार आणतात. खिडकीपाशी बसायला आवडतं. मराठी फार सुरेख बोलतात.

मी व्यवहारी बाई आहे. हे थांबवायला हवं हे मला कळतं. तिसऱ्या की चौथ्या रविवारी बाकावर बसून मी ते बोलायच्या बेतात होते. गाड्या येत होत्या, जात होत्या. काका उभे राहून प्रत्येक डब्याच्या दारातून उतरणारी माणसं बघत होते. मी विचारलं, "काय बघताय, काका?"

ते ओशाळून बसले. "काही नाही गं. मी इथे सोडायला किती वेळा आलो, त्याला गणती नाही. आणायला कधी आलो नव्हतो. येणारी माणसं स्वतःच रिक्षा करून येतात, त्यांना कुणी लागत नाही. सोडायचं म्हणजे सोपं असतं. हात हलवायचा, परत फिरायचं. आणायचं असलं की प्रत्येक डब्याकडे बघावं लागतं." मग हसले. "बरं असतं ते."

मी थांबवण्याचं बोलले नाही. माणसाने चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा कुणाची तरी वाट बघावी, आणि ते माणूसही मी त्याला खोटंच द्यावं. त्या दिवशी घरी आल्यावर मी दुपारभर स्वयंपाकघरातले डबे घासत बसले. डबे स्वच्छ होते.

मागच्या रविवारी आमच्या क्लासची परीक्षा होती. मला सकाळी सहालाच जावं लागलं. काकांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, या आठवड्याला राहू द्या. दुबेजी उज्जैनला गेले होते, लेकीकडे. म्हणजे कुणाला काही दाखवायचीही गरज नव्हती.

दुपारी दोनला मी परत आले, चप्पल काढते तोच बेल वाजली. काका. शर्टाला घामाचे डाग, हातात रिकामा थर्मास. उजवीकडून सांगणारं कुणी नसताना ते एकटेच गेले होते आणि एकटेच आले होते.

"आज पण नाही आल्या गं," ते म्हणाले.

मी त्यांच्या खांद्यावरून जिन्यात बघितलं. जिना रिकामा होता. शेजारचं दार बंद. ऐकायला कुणीही नव्हतं.

"तीन गाड्या बघितल्या मी. शेवटच्या डब्यापर्यंत गेलो. गर्दीत नजरेतून सुटायला नकोत म्हणून."

मी म्हटलं, "येईल, काका. पुढच्या रविवारी येईल."

"हं," ते म्हणाले, आणि वळले.

आत या, चार घास खाऊन घ्या, असं म्हणायचं मला सुचलं, तेव्हा ते खालचा मजला उतरून गेले होते.